हरभरा कुठे जात नाही

काका, परवा तुम्ही पुन्हा बसमध्ये होतात.

व्हॉलीबॉलच्या मुलींना घेऊन आम्ही नव्या कॉन्फरन्समधल्या पहिल्या लांबच्या सामन्याला निघालो होतो. सकाळी साडेसहाला कॉलेज सोडलं, दुपारचे दोन वाजले तरी डोंगर संपेनात. मुली कानात यंत्रं खुपसून झोपलेल्या. मी सगळ्यात पुढे, शेजारची जागा रिकामी. तिथून तुम्ही विचारलंत, "किती तास झाले गं?" मी म्हणाले, "साडेसात. अजून साडेतीन आहेत." मोठ्याने म्हणाले. ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, "यू ओके, मॅम?" मी घाईघाईने फोन कानाला लावला आणि कोणाशी तरी बोलत असल्याचं सोंग केलं.

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले आणि तेवढ्यात ही चौथी वेळ. एकदा भर दुपारी रिकाम्या जिममध्ये, एकदा देशी दुकानात कडधान्यांच्या रांगेपुढे, एकदा माझ्याच ऑफिसात मीटिंग चालू असताना. तुम्ही रागावत नाही हा खरा त्रास आहे. रागावला असतात तर मी भांडले असते, तुमच्याशी भांडायची मला आठ वर्षांची सवय आहे. तुम्ही नुसते तास विचारता.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहून द्या असं संपादकांनी सांगितलं. जन्म, शिक्षण, कार्य, सोबत एक फोटो. ते सगळं तुमच्या मुलीने, श्रुतीने, पाठवलं आहे. नागपूरहून येऊन पेनसिल्वेनियाच्या या डोंगरांत आयुष्यभर गणित शिकवलेल्या प्राध्यापक वझलवारांची माहिती बाजूच्या चौकटीत छापून येईल. माझ्याकडे चौकटीत न बसणारं काही आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

पहिल्या भेटीपासून सुरुवात करते. मी क्रीडा विभागात नवीन लागले होते. पुण्याहून आलेली, इथे शिकून इथेच चिकटलेली. तुम्ही डबा हातात घेऊन ऑफिसच्या दारात आलात आणि नाव-गाव विचारून म्हणालात, "पुण्याची का? म्हणजे उसळीत गूळ घालणारी." मी म्हणाले, "आणि तुम्ही नागपूरचे, म्हणजे उसळीत फक्त तिखट घालणारे." तुम्ही खूश झालात. "रविवारी ये मग जेवायला. कामही आहे थोडं."

काम म्हणजे काय ते रविवारी कळलं. तुमच्या जेवणाच्या टेबलावर पारदर्शक प्लास्टिकखाली रस्त्यांचा मोठा नकाशा होता आणि वर आठ वाट्या. हरभरा, मसूर, मूग, मटकी, चवळी, राजमा, वाटाणा, वाल. मला वाटलं म्हाताऱ्याने एकटेपणात काहीतरी खेळ मांडला आहे. काकू जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

ज्यांना कॉलेजचे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी इथे थोडं सांगते. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचं मंडळ. टीव्हीवर दिसतात ती मोठी विद्यापीठं वेगळी. आमची आठ लहान कॉलेजं, सामन्याला आईवडील गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसतात, तेवढेच प्रेक्षक. प्रत्येक कॉलेजातून एक प्राध्यापक या मंडळावर असतो, खेळणारी मुलं शिकायला आली आहेत याची आठवण ठेवायला. आमच्या कॉलेजातून तुम्ही होतात, आणि आठही कॉलेजांचं वेळापत्रक एकोणीस वर्षं तुम्हीच करत होतात. आपलं कॉलेज हरभरा. मार्थाचं कॉलेज मसूर; तुमची ही जुनी मैत्रीण तुमच्यासारखीच तिच्या कॉलेजातून मंडळावर होती. कुठलं कडधान्य कुठलं कॉलेज हे तुमच्यानंतर फक्त मला माहीत आहे.

तुम्ही एक दाणा उचलायचात, रस्त्यावरून सरकवत दुसऱ्या गावी न्यायचात आणि बोटांवर तास मोजायचात. संगणकाचा प्रोग्रॅम होता. तुम्हीच लिहिलेला होता. त्याने दिलेलं उत्तर तुम्ही दाण्यांनी तपासायचात, कारण संगणकाला भूक लागत नाही असं तुमचं म्हणणं. तुमचा नियम एकच होता: परत येणाऱ्या मुलांना कॉलेजची खानावळ उघडी सापडली पाहिजे. त्यासाठी आठही खानावळींच्या बंद व्हायच्या वेळा तुम्हाला पाठ होत्या. परीक्षा कधी, बर्फ कुठल्या घाटात आधी पडतो, कुठल्या कॉलेजच्या बसचा ड्रायव्हर सावकाश चालवतो, सगळं पाठ. माझ्या विभागातले लोक हसायचे. हसत हसत दर वर्षी तेच वेळापत्रक छापायचे.

आणि वेळापत्रक पुरं झालं की सगळे संघ भिजत पडायचे. दोन दिवसांनी मोड आलेल्या आठ कॉलेजांची उसळ, वर नागपुरी तिखट. राजमा कधीच नीट शिजायचा नाही. "हे कॉलेज पहिल्यापासूनच अडेल," म्हणायचात. मी गुळाचा खडा टाकायला गेले की चमचा अडवायचात. त्या जेवणांसाठी मी तुमची किती ऋणी आहे हे मी कधी म्हटलं नाही. इथल्या पहिल्या दोन हिवाळ्यांत मला आठवड्यातून एकदाच माणसाच्या घरचं अन्न आणि माणसाची मराठी मिळायची, ती तुमच्याकडे. आज सांगते. तुम्ही नसता तर मी परत गेले असते.

भांडणं मात्र खरी होती आणि ती अर्धवट राहिली आहेत. मी म्हणायचे, काका, प्रत्येक कॉलेज स्वतंत्र आहे. त्याचे स्वतःचे विश्वस्त, स्वतःचे विद्यार्थी, स्वतःची काळजी. इथे दर वर्षी कुठलं ना कुठलं लहान कॉलेज कायमचं बंद पडतंय. ज्याला दुसरीकडे चांगली जागा मिळेल तो जाणार. दक्षिणेत मुलांची संख्या वाढते आहे, तिथे खेळलो तर तिथली मुलं आपलं नाव ऐकतील, प्रवेश वाढतील. यात गैर काय?

तुम्ही म्हणायचात, "गैर काही नाही बा. सोयीचं आहे. पण कॉन्फरन्स म्हणजे दुसरं काय असते? तुम्ही आमच्याकडे या, आम्ही तुमच्याकडे येतो. एवढंच तर आहे ते. एवढं पाळता येत नाही, अन् पोरांना टीमवर्क शिकवून राहिले."

मी म्हणायचे, "आपण वाचलो नाही तर पाळणार कोण?"

"अन् सगळे असे वाचले तर खेळणार कोणाशी?"

मग तुम्ही ताक वाढायचात आणि विषय पुढच्या रविवारवर जायचा. अजूनही माझं पूर्ण पटलेलं नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. मेलेल्या माणसाला सगळं मान्य करून टाकणं फार सोपं असतं. आमच्या कॉलेजला जावंच लागणार होतं असं मला आजही वाटतं. पण जायचं कसं, हे मी तुमच्याकडून शिकायला हवं होतं.

मागच्या हिवाळ्यात आधी राजमा गेला, मग चवळी. दोघांनीही महिनाभर आधी सगळ्यांसमोर राहणार म्हणून सांगितलं होतं. आठाचे सहा झाले. आमच्या नियमांत मंडळ टिकायला किमान सहा कॉलेजं लागतात, म्हणजे आता एकही हलला की खेळ संपला. तुम्ही त्या दोन वाट्या पालथ्या घातल्यात आणि बाकीच्या सहा नकाशावर जरा जवळजवळ सरकवल्यात.

त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजच्या अध्यक्षबाईंनी पाच जणांना बोलावलं. कॉलेज दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सशी बोलणी करत होतं. गुप्ततेच्या कागदावर आम्ही सह्या केल्या. "फॅकल्टीतल्या कुणालाही नाही," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी रविवारी कुणाकडे जेवते हे साऱ्या कॉलेजला ठाऊक होतं. माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज कॉलेजतर्फे चालू होता, अजूनही चालू आहे. ते कुणी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची गरजही नव्हती.

आता तो रविवार.

दुपारचे साडेबारा झाले होते. बाहेर बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता आणि मी तुमच्या ओट्यापाशी कोथिंबीर चिरत होते. तुम्ही सांगत होतात की सकाळी मार्थाचा फोन आला होता. मसूरला शेजारच्या एका कॉन्फरन्सने बोलावलं आहे, उत्तर सोमवारी द्यायचं आहे. तिला जायचं नाही, पण हरभरा निघून गेला तर ते उघड्यावर पडतील, म्हणून तिने तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही तिला म्हणाला होतात, थांब, मी बघून सांगतो.

मग तुम्ही मला विचारलंत. "तुझ्या ऑफिसात काही ऐकू आलं का? हरभरा कुठे चालला का?"

तुम्ही मराठीत विचारलंत, काका. याचा मी फार विचार केला आहे. ऑफिसात येऊन इंग्रजीत विचारलं असतंत तर मी ऑफिसचं उत्तर दिलं असतं: याबद्दल मला बोलता येणार नाही. तेवढ्यावरून तुम्हाला सगळं कळलं असतं. तुमच्या गणितात हीच एक चूक झाली. इंग्रजीत माणसं काय वाटेल ते बोलतात हे तुम्हाला मंडळाच्या बैठकांत दिसलं होतं. पण आपल्या भाषेत, आपल्या ओट्यापाशी, आपल्या हातचं जेवायला आलेली पोरगी खोटं बोलेल हे तुमच्या हिशेबात नव्हतं. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती.

मी म्हणाले, "नाही काका. हरभरा कुठे जात नाही."

इतकं सहज निघालं तोंडातून. आवाज कापला नाही, सुरी थांबली नाही. मी चिरतच राहिले.

तुम्ही हात पुसलेत आणि फोन लावलात. तुम्हाला कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकर चालू. चार वेळा रिंग वाजली. चारही मी ऐकल्या. पहिल्या रिंगला सांगता आलं असतं, काका, ठेवा फोन. दुसरीला आलं असतं. तिसरीला मी सुरी खाली ठेवली. मग मार्थाचा आवाज आला आणि तुम्ही म्हणालात, "मार्था, वी आर स्टेइंग. यू हॅव माय वर्ड." ती म्हणाली की मग पुरे, आम्हीही राहतो. तुम्ही फोन ठेवून माझ्याकडे वळून हसलात आणि म्हणालात, "चल, वाढ. भूक लागली." मी वाढलं. आपण जेवलो. त्या दिवशी तुम्ही स्वतःहून उसळीत गूळ घालू दिलात.

सोमवारी मसूरने नकार कळवला. पुढच्या आठवड्यात गुरुवारी आमची बातमी जाहीर झाली.

नंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण मला ते लिहून बघायचं आहे. मंडळ मोडलं. मूग, मटकी, वाटाणा, वाल, ज्याला जिथे दार किलकिलं दिसलं तिथे तो शिरला. मसूरला बोलावणाऱ्यांनी ती जागा तोवर दुसऱ्याला दिली होती. आता मार्थाचं कॉलेज कुठल्याच मंडळात नाही. मोसम सुरू झाला तरी ते फोन करकरून विचारतात, तुमचा एखादा दिवस मोकळा आहे का, आम्ही येऊ का. त्यांचा मुलींचा हॉकीचा संघ बंद झाला. खेळायलाच कुणी नव्हतं.

मी रविवारी येणं सोडलं. तुम्ही बोलावलंही नाहीत. एकदाच समोरासमोर आलो, जिमच्या मागच्या बोळात, बर्फाच्या मशीनपाशी. वाटलं, आता विचारतील. तुम्ही विचारलंत, "तिकडचा सगळ्यात लांबचा प्रवास किती तासांचा आहे गं?" मी म्हणाले, "अकरा." तुम्ही मान हलवलीत. "मग पोरींना जेवण बांधून देत जा. वाटेत नुसती बर्गरं खातील." आणि गेलात. मी तिथेच उभी राहिले, हातातला बर्फ वितळून बूट भिजेपर्यंत. तुमचं माझं शेवटचं बोलणं ते.

उन्हाळ्यात तुमचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही. मला वाटलं, आता ते विचारायचं ठरवून फोन करताहेत. मग सप्टेंबरात सकाळी अंगणात झाडांना पाणी घालता घालता तुम्ही गेलात. शेजाऱ्यांनी पाहिलं तेव्हा नळ चालूच होता.

कॉलेजच्या चॅपलमध्ये, तुमची शवपेटी समोर ठेवून, शोकसभा झाली. तुमचे विद्यार्थी बोलले, अध्यक्षबाई बोलल्या. तुमच्या निष्ठेबद्दल बोलल्या, काका. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सभा संपल्यावर मार्था माझ्याकडे आली. तीन तास गाडी चालवून आलेली. पांढरे केस, पायांत तिचे ते रबरी बूट. तुम्ही नेहमी म्हणायचात की ही बाई लग्नालाही तेच घालून गेली असेल.

ती म्हणाली की मंडळाच्या शेवटच्या बैठकीत सगळ्यांनी तुम्हाला धारेवर धरलं होतं. तुमचं कॉलेज राहणार असं तुम्हाला कुणी सांगितलं, कशावरून तुम्ही शब्द दिलात, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, "नोबडी टोल्ड मी. आय अझ्यूम्ड."

कुणी सांगितलं नाही. मीच धरून चाललो.

एकोणीस वर्षं प्रत्येक खानावळीची वेळ दोनदा विचारून घेणारा माणूस भर बैठकीत म्हणाला की मी न विचारता धरून चाललो. मला हे माहीत नव्हतं. या सगळ्यात तुम्ही एकदाच खोटं बोललात आणि ते माझ्यासाठी.

मार्था पुढे म्हणाली, "मी फार चिडले होते. उन्हाळाभर त्यांचे फोन घेतले नाहीत. आता लाज वाटते, पण खरं सांगू, राग अजून गेलेला नाही. इतकी मोठी गोष्ट, आणि त्यांनी साधी चौकशी केली नाही? असे नव्हते ते."

म्हणजे तुम्ही फक्त मलाच फोन करत नव्हतात. तिलाही करत होतात, आणि तीही उचलत नव्हती. माझ्या एका वाक्याने तुमची इतक्या वर्षांची मैत्रीण तोडली होती, आणि ती माझ्यासमोर उभी राहून, ओल्या डोळ्यांनी, मला विचारत होती.

तेव्हा मी काय केलं तेही लिहिते. मी मान हलवली. मी म्हणाले, "ही वॉज गेटिंग ओल्ड."

ते म्हातारे होत चालले होते.

ओट्यापाशी मी खोटं बोलले तेव्हा घाबरले होते, असं तरी म्हणता येईल. इथे तुम्ही पेटीत होतात आणि मी तुमच्यावर ढकललं. मार्थाने माझा हात दाबला आणि ती गेली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा जिममध्ये आलात.

श्रुती दूर पश्चिमेकडच्या चँडलरहून आली होती, घर आवरायला. तिने मला बोलावून घेतलं. ती इथेच वाढलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. टेबलावर नकाशा तसाच होता. "ताई, व्हॉट इज धिस?" तिने विचारलं. सहा वाट्या पालथ्या होत्या. दोनच सुलट्या, एकीत हरभरे, एकीत मसूर. शेजारी तुमच्या अक्षरात एक कागद. आमच्या आणि मार्थाच्या कॉलेजचे सामने लिहिलेले, कुठल्या कॉन्फरन्सचे नाहीत, नुसतेच आपापसातले. बास्केटबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस. नव्या कॉन्फरन्सच्या तारखा सांभाळून, मधल्या मोकळ्या दिवसांत बसवलेले. प्रत्येकापुढे परत पोचायची वेळ.

"बाबा वॉज ट्राइंग टू कॉल यू अबाउट सम गेम्स," श्रुती म्हणाली. "ही सेड, ती करेल. शी विल डू इट."

फक्त "ती करेल" एवढंच ती मराठीत म्हणाली, तुम्ही म्हणाला असाल तसंच.

म्हणजे ते दोन फोन जाब विचारायला नव्हते. तुम्हाला माझ्याकडून एक काम हवं होतं. मी तुमच्या रागाला भिऊन फोन उचलला नाही, आणि तुम्ही रागावलेलेच नव्हतात. किंवा असालही. मला ते आता कधीच कळणार नाही. तुम्हाला कळलं होतं हे नक्की, आणि तरी तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत. का? मला लाज वाटू नये म्हणून, की मी पुन्हा खोटं बोलेन याची भीती वाटली म्हणून? बसमध्ये शेजारी बसता, तास विचारता, तेव्हा हेही सांगून टाका ना.

तो कागद मी घरी आणला. तीन आठवडे माझ्या टेबलावर होता. सामने जुळवणं माझ्या हातात आहे, अध्यक्षबाईंचा त्याला विरोधही असणार नाही. पण मार्थाला फोन लावायचा म्हटलं की मी दुसरंच काहीतरी काम काढायचे. त्याऐवजी हा लेख लिहायला घेतला. कबूल करायचं तर नीट करावं, असं मनाशी म्हटलं. इथपर्यंत लिहिलं. बरं वाटत होतं, हलकं वाटत होतं.

आणि आज सकाळी हे सगळं पहिल्यापासून वाचताना लक्षात आलं की मी ते मराठीत लिहिलं आहे. मराठी मंडळाचा अंक आमच्या कॉलेजात कुणी वाचत नाही. अध्यक्षबाईंना वाचता येत नाही. मार्थाला येत नाही. श्रुतीलाही धड येत नाही. मी कबुली द्यायला बसले आणि ज्यांना ती द्यायला हवी त्यांच्यातल्या एकालाही वाचता येणार नाही अशा जागी ती लिहून ठेवली. तुमच्या चुकीचा फायदा मी दुसऱ्यांदा घेत होते.

म्हणून कागद बाजूला ठेवून, सकाळी दहा वाजता, मी मार्थाला फोन केला. पुढे काय झालं ते तेवढं लिहिते आणि थांबते.

मी आधी सामन्यांचं सांगितलं. तारखा वाचून दाखवल्या. ती लिहून घेत होती, पेन्सिलीचा आवाज येत होता. सगळ्या मोसमांत मिळून सतरा सामने. मध्येच तिने विचारलं, "हे कुणी बसवलं?"

"त्यांनीच. उन्हाळ्यात."

"म्हणून फोन करत होते," ती म्हणाली. "इतकी काळजी घेणारा माणूस. तेव्हा एकदा, फक्त एकदा, कुणाला तरी विचारायला हवं होतं त्यांनी."

"त्यांनी विचारलं होतं, मार्था."

"कुणाला?"

"मला. मला तेव्हा सगळं माहीत होतं. मी त्यांना सांगितलं, आपलं कॉलेज कुठे जात नाही."

पेन्सिलीचा आवाज थांबला. मी फोन ठेवला नाही, तिनेही ठेवला नाही. माझ्या सहीचं काय होईल, अर्जाचं काय होईल, हे सगळं त्या वेळात डोक्यातून जाऊन आलं आणि तरी मी धरून राहिले.

"त्यांनी आम्हाला शब्द दिला," ती हळू म्हणाली, "त्याच्या आधी तू हे सांगितलंस, की नंतर?"

"आधी," मी म्हणाले. "ते तुमच्याशी बोलत होते तेव्हा मी तिथेच उभी होते."